साऱ्या देशाची सासू

पडद्यावर हिसानोला पहिलं मरण आलं ते विहिरीच्या काठावर. सरदाराच्या एका माणसाने तिच्यावर तलवार चालवली, ती बादलीसकट आडवी झाली आणि कॅमेरा तिला ओलांडून नायकाच्या मागे पळाला. तेव्हा तिने नुकतीच विशीत पावलं टाकली होती. पुढच्या काही वर्षांत ती इतक्यांदा मेली, की मेकअपवाली तिला रोज सकाळी, चहा घेणार का विचारावं तसं, "आज कशाने?" असं विचारायची. तलवार, विष, पूर, आग, सगळं होऊन गेलं. एकदा तर ती नुसत्या शरमेने मेली, आणि ते तिला सगळ्यात अवघड गेलं.

क्योतोतल्या उझुमासा ह्या स्टुडिओंच्या वस्तीत त्या काळी घराघरातलं एखादं तरी माणूस स्टुडिओत असायचं. भाजी घ्यायला गेलं की शेजारी कंबरेला दोन तलवारी लावलेला सामुराई कांद्याची पात निवडत उभा दिसे, आणि कोणी वळूनही बघत नसे. हिसानो मात्र तिथली नव्हती. ती समुद्रकाठच्या मिकुनी गावची. तिचे वडील होड्या बांधणारे सुतार होते. आई लवकर गेली, म्हणून शाळा संपताच तिला क्योतोत एका मावशीच्या ओळखीने खानावळीत कामाला लावलं. ती खानावळ स्टुडिओच्या फाटकासमोर होती. हातात नूडल्सचे वाडगे रचलेला भला मोठा ट्रे घेऊन ही मुलगी गर्दीतून सरळ ताठ पाठीने चालत जायची, ते एका साहाय्यक दिग्दर्शकाने पाहिलं. "ह्या पोरीची पाठ बघा," तो सोबतच्यांना म्हणाला, "किमोनो घातला तर राजकन्या वाटेल."

राजकन्या कोणी केलं नाही, पण नाव मात्र राजकन्येचं दिलं. स्टुडिओच्या जाहिरात विभागाने तिला हानाबुसा रुरी करून टाकलं. हानाबुसा म्हणजे फुलांचा घोस आणि रुरी म्हणजे निळं रत्न. मिकुनीच्या सुताराच्या मुलीला ते नाव परक्याचा कोट अंगात घातल्यासारखं वाटायचं. कोणी "रुरीसान" अशी हाक मारली, की ती आधी मागे वळून बघायची.

चेहरा होता, पाठ होती, मेहनतीची तयारी होती. नडली ती बोली. मिकुनीकडे वाक्य सरळ संपत नाही, शेवटाला आवाज लाटेसारखा वर जातो, खाली येतो आणि मग किनाऱ्याला लागतो. सरदाराच्या घरातली बाई अशी बोलली की सेटवर हशा पिकायचा. म्हणून तिला ओरडायची कामं मिळायची. किंकाळीला बोली नसते.

मरणाच्या ह्या धंद्यातच तिला गेन्जो शिओमी भेटला. तोही मरणाराच होता, पण खानदानी. नायकाने तलवार फिरवली की डावीकडून तिसरा कोसळणारा माणूस म्हणजे गेन्जो. तो असा पडायचा की थिएटरात लोक 'आई गं' म्हणायचे. एकदा पायऱ्यांवरून पडताना हिसानोचं कोपर फुटलं, तेव्हा तो तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"तू जमिनीशी भांडतेस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ती आपल्याला मारायला येत नसते गं. आपणच तिच्याकडे जातो. आधी खांदा दे, मग कंबर, डोकं सगळ्यात शेवटी. दुसऱ्याच्या घरी शिरतो तसं. डोकं आधी घुसवायचं नाही."

त्याने तिला रिकाम्या सेटवर गवताच्या चटईवर पडायला शिकवलं. शिकवता शिकवता दोघं हसत राहायची. प्रेम वगैरे शब्द कोणी काढला नाही.

मग एकदा खरोखर नशीब उघडलं. एका चित्रपटाची नायिका शूटिंग सुरू व्हायच्या तोंडावर लग्न ठरवून निघून गेली. सेट उभा होता, नायकाच्या तारखा बांधलेल्या होत्या. घाईगर्दीत गरीब सामुराईच्या बायकोची ती भूमिका हिसानोच्या पदरात पडली. पूर्ण भूमिका. तिच्या तोंडी संवाद होते, रडणं होतं, आणि गंमत म्हणजे शेवटपर्यंत ती जिवंत राहणार होती. उच्चार शिकवायला एक म्हातारे नट रोज यायचे. तेही हताश झाले. तरी दिग्दर्शक म्हणायचे, "चेहरा छान देते आहेस. आवाजाचं नंतर बघू."

नंतर त्यांनी बघितलं ते असं, की टोकियोच्या एका नाटकातल्या बाईंना बोलावून सगळे संवाद त्यांच्या आवाजात भरून घेतले. हिसानोला कोणी सांगितलंच नाही. मुलीचा मोठा चित्रपट लागला म्हणून तिने वडिलांना मिकुनीहून बोलावून घेतलं होतं. ते ठेवणीतला कोट घालून आले, बरोबर भाजलेल्या वाळक्या माशांची पुडी घेऊन. दोघं शेजारी शेजारी बसली. पडद्यावर हिसानोने तोंड उघडलं आणि दुसऱ्याच बाईचा आवाज आला.

वडिलांनी सबंध चित्रपट पाहिला. बाहेर आल्यावर त्यांनी डोक्यावर टोपी घातली, पुन्हा काढली.

"पोरी," ते म्हणाले, "ती बाई दिसायला अगदी तुझ्यासारखी होती. पण तू कुठे होतीस?"

त्यांना गाडीत बसवून देईपर्यंत तिने डोळ्यांतून पाणी येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिला परत विहिरीपाशी मरायचं होतं, आणि तिचं मरण इतकं खरं झालं की दिग्दर्शकाने शाबासकी दिली. गेन्जो तिला बकव्हीटच्या पिठाच्या नूडल्स खायला घेऊन गेला. त्याने सांत्वन केलं नाही. वाडगा संपल्यावर म्हणाला, "माझी आई जरा तिखट आहे."

"किती?"

"मोहरीसारखी. नाकात जाते. पण सर्दी पळते."

असं त्यांचं लग्न ठरलं.

गेन्जोच्या आईचं नाव तोरा. तोरा म्हणजे वाघ. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना पुढचं दिसलं असावं. तोराबाई नवऱ्यामागे लोणच्याचं छोटं दुकान चालवायच्या. हिवाळ्यात पातळ कापून मुरवलेला सलगम, उन्हाळ्यात वांगी आणि काकड्या, आणि बारा महिने मुळा. लाकडी पिंपांवर त्यांच्या डोक्याएवढाले दगड ठेवलेले असत आणि त्या ते दगड स्वतः उचलत. अंगाने काडीसारख्या, आवाज मधासारखा. उभ्या आयुष्यात त्या कोणावर ओरडल्या नाहीत. गरजच पडली नाही.

"किती छान जाड कापलायस सलगम," पहिल्याच आठवड्यात त्या हिसानोला म्हणाल्या. "गिऱ्हाइकांचे दात मजबूत होतील हो."

शूटिंग लांबून ती उशिरा घरी आली, तर त्या हसून स्वागत करायच्या. "आलीस? बरं झालं बाई. शेजारीण विचारत होती, तुमची सून की भाडेकरू? मी म्हटलं, छे हो, भाडेकरू वेळेवर येतात."

सकाळी हाक यायची, "फुलांचा घोस उठला का?"

एकदा त्या हौसेने सुनेचा चित्रपट बघून आल्या. "चांगलं ओरडलीस," म्हणाल्या. "त्या मारेकऱ्याला अंधारात घर सापडत नव्हतं. तू ओरडलीस म्हणून बिचाऱ्याची सोय झाली."

पहिली दोन वर्षं हिसानो मागच्या अंगणात पिंपं धुता धुता रडायची. गेन्जो म्हणायचा, "अगं, ती ज्याला बोलत नाही त्याला ती मोजत नाही." हे खरंही होतं, पण रडणाऱ्याला त्याचा काय उपयोग? एक गोष्ट मात्र हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागली. तोराबाई संध्याकाळी कितीही खोचक बोलल्या, तरी तिच्या ताटात सलगमाचा मधला, कोवळा तुकडा असायचा. पिंपातून काढल्यावर तो कोणाला विकत नसत. त्याबद्दल कधी कोणी काही बोललं नाही.

दुकानात बसून बसून तिची भाषाही बदलली. गिऱ्हाइकांशी तोराबाईंसारखं बोलावं लागे, आणि शब्द हळूच कडेने सरकवायची ती क्योतोची तऱ्हा तिच्या जिभेवर कधी बसली, ते तिलाही कळलं नाही. पण आता तिची ती जीभ कोणाला हवी होती? चित्रपट पडू लागले होते. लोक घरी टीव्हीपुढे बसायचे. तलवारीचे चित्रपट कमी झाले, स्टुडिओतल्या मरणाऱ्यांची गर्दी पांगली. त्यातच देवळाच्या पायऱ्यांवरून पडताना गेन्जोची पाठ गेली. ज्या माणसाने तिला पडायला शिकवलं, तोच चुकीचा पडला. तो वर्षभर पाठीला पट्टा बांधून आईच्या दुकानात मुळे विकत बसला.

तेव्हा ओसाकाच्या एका टीव्ही केंद्राचा निरोप आला. क्योतोतल्या जुन्या दुकानाच्या घरावर मालिका निघणार होती. किमोनोच्या कापडाचं दुकान, विधवा सासू आणि परगावची सून. सासूचं काम जिला आधी विचारलं त्या ज्येष्ठ नटीने टीव्ही म्हणजे खोक्यातला खेळ, असं म्हणून नाक मुरडलं होतं. स्टुडिओतल्या बऱ्याच लोकांचं तेच मत होतं.

"रुरी, त्या खोक्यात शिरलीस की परत बाहेर येता येत नाही बरं का," जुने सहकारी म्हणाले.

"इथे तरी मी कितीशी बाहेर होते?" ती म्हणाली आणि ओसाकाची गाडी पकडली. तिची तिशी नुकतीच उलटली होती, आणि साठीच्या सासूचं काम करायचं होतं.

पहिली तालीम फसली. सासू दुष्ट आहे असं लिहिलं होतं, म्हणून तिने दुष्टपणा केला. भुवया चढवल्या, आवाज चढवला, ताट आपटलं. दिग्दर्शक मोरिनागा ओसाकाचा गडी, तोंडाचा मोकळा. कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो हानाबुसाबाई, ही कापडवाल्याची विधवा आहे, दरोडेखोराची बायको नाही! शेजारी काय म्हणतील ह्याची हिला जिवापेक्षा काळजी. ही ओरडेल कशाला?"

परतीच्या वाटेवर तिचं तोंड उतरलेलं होतं. घरी पोचली तेव्हा दुकानात एक बाई बराच वेळ गप्पा ठोकत उभी होती. तोराबाई अत्यंत प्रेमाने तिला विचारत होत्या, "तुमचं घर फार लांब आहे का हो? नाही, तुम्हाला निघायला जड जातंय म्हणून विचारलं." बाई लाल होऊन पळाली. तोराबाईंनी उजव्या हाताने डावी बाही हलकेच सावरली, मान किंचित कलती केली आणि पिंपाकडे वळल्या.

हिसानो दारातच उभी राहिली. अख्खी भूमिका समोर उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिने तालमीत आवाज खाली आणला. सुनेचं काम करणारी फुयुमी नावाची मुलगी होती, दक्षिणेच्या क्युशू बेटाकडची, गोल चेहऱ्याची, नुकतीच कामाला लागलेली. हिसानोने तिच्याकडे मधाळ हसून म्हटलं, "किती छान झोपलीस गं. सूर्य तुझ्यासाठी थांबला होता, शेवटी कंटाळून वर आला." बाही सावरली. फुयुमीच्या चेहऱ्यावरचा रंग खरोखर उडाला. कॅमेरामागे कोणीतरी 'बाप रे' म्हणालं. मोरिनागांनी लगेच लेखकाला फोन लावला आणि सांगितलं, "सासूला आणखी संवाद द्या."

मालिका अशी चालली की विचारू नका. ती दर गुरुवारी संध्याकाळी लागायची, आणि त्या वेळी सगळ्या बायका टीव्हीपुढे असल्याने सार्वजनिक न्हाणीघरातलं त्यांच्याकडचं पाणी निवळ राहायचं, म्हणे. आणि हिसानोचा देशभर तिरस्कार सुरू झाला. गाडीत शेजारची बाई उठून दुसरीकडे बसायची. बाजारात नेहमीच्या मासेवालीने हात आखडला.

"बांगडा आहे ना?" हिसानोने विचारलं.

"आहे."

"मग द्या की दोन."

"तुम्हाला नाही." मासेवालीने सुरी ठेवली आणि कंबरेवर हात घेतले. "परवा त्या पोरीला आजारी आईला भेटायला जाऊ दिलं नाहीत. आधी तिला जाऊ द्या, मग बांगडा."

"अहो, ते नाटक आहे. मी हिसानो. इतकी वर्षं तुमच्याकडेच मासे घेते."

"तेच तर! इतकी वर्षं मला कळलं कसं नाही तुम्ही अशा आहात ते!"

हिसानो रिकाम्या हाताने घरी आली, पण वाटेत एकटीच हसत होती. त्या दिवशी थिएटरात वडिलांना जो सापडला नव्हता, तो तिचा स्वतःचा आवाज आता लोकांना चांगलाच ऐकू येत होता. नावातल्या निळ्या रत्नाचा नव्हे, कडू कारल्याचा म्हणून, पण येत होता.

एकच धाकधूक होती. घरात टीव्ही नव्हता. गेन्जो अधूनमधून म्हणायचा, "घेऊ या का? तुला बघता येईल." ती म्हणायची, "कशाला? आईंच्या डोळ्यांना त्रास होईल." तोराबाईंचे डोळे घारीसारखे होते.

पण चटया विणणाऱ्या शेजाऱ्यांकडे टीव्ही आला आणि शेजारीण एका गुरुवारी तोराबाईंना आग्रहाने घेऊन गेली. त्या दिवशी हिसानो ओसाकाहून परतली, तर तोराबाई दारात उभ्या.

"आलीस? दमली असशील. आंघोळीचं पाणी तापवलंय," त्या म्हणाल्या.

हिसानो टोमण्याची वाट बघत उभी राहिली. टोमणा आलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम सलगम जाड कापला. तोराबाईंनी तो मुकाट्याने पिंपात रचला आणि "छान" म्हणाल्या. नुसतं छान! गेन्जोने बायकोला अंगणात गाठलं.

"आईला बरं नाहीये का? मघाशी मला गुणी मुलगा म्हणाली."

"त्यांनी मालिका पाहिली," हिसानो कुजबुजली.

गेन्जोने मालिका पाहिली नव्हती. पण बायकोचा चेहरा पाहून त्याला सगळं कळलं. "मग मी माझ्या पाठीचं औषध आणायला जातो," म्हणाला आणि संध्याकाळपर्यंत उगवला नाही.

शेवटी हिसानोनेच धीर केला. तोराबाई उंबऱ्यावर बसून मुळ्यांची पानं तोडत होत्या. तिने समोर गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"आई, चुकलं माझं. न विचारता घेतलं."

"काय घेतलंस?"

"तुमचं बोलणं. हसणं. बाही सावरणं."

"बाही तू चुकीची सावरतेस," तोराबाई म्हणाल्या. "मी डावी सावरते, तू उजवी. आणि 'किती छान' म्हणताना तू थांबतेस. थांबायचं नाही. थांबलं की समोरच्याला तयारीला वेळ मिळतो."

हिसानोने डोकं वर केलं. तोराबाई तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या पानं तोडतच होत्या, पण हात नेहमीपेक्षा हळू चालत होते.

"तिथे सगळ्या बायका मला बघून हसत होत्या. त्यांना कळलं गं. पहिल्याच वाक्याला कळलं. मीही हसले. मला वाईट त्याचं वाटलं नाही. मी बोलते तशी बोलते, नाही कशाला म्हणू?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "पण मी तिथे बसून वाट बघत होते. म्हटलं, आता जेवायला बसतील. बसल्या. आता ती सुनेला वाढेल. तिने वाढलंच नाही. तू सगळं उचललंस माझं, आणि ताट ठेवलंस तेवढं मागे."

"मला वाटलं, ते तुम्हाला कोणाला दाखवायचं नसतं," हिसानो कशीबशी म्हणाली.

"नसतंच दाखवायचं," तोराबाई म्हणाल्या. "पण तुला तरी दिसत होतं ना?"

पुढच्या आठवड्यात ती मोरिनागांकडे गेली. सासूला थोडी माया दाखवू या, असं म्हणाली. मोरिनागांनी हात जोडले. "बाई, माझ्या पोटावर पाय देऊ नका. लोक तुम्हाला शिव्या द्यायला बघतात. माया दाखवली तर शिव्या कोणाला द्यायच्या? मला?"

"संवाद एकही बदलणार नाही मी."

"मग करा काय करायचं ते," ते वैतागून म्हणाले, आणि दुसऱ्या कामाला लागले.

त्या दिवशीच्या प्रसंगात सासू-सून जेवायला बसतात आणि सासू सुनेच्या माहेरचा उद्धार करते. बोलणं जहरी होतं. लेखकाने जीव ओतला होता. हिसानोने ते एकही शब्द न गाळता म्हटलं, न थांबता, हसऱ्या चेहऱ्याने. आणि बोलता बोलता, जणू हाताला ठाऊकच नाही आपण काय करतोय अशा रीतीने, तिने लोणच्याच्या बशीतला मधला कोवळा तुकडा जेवणाच्या काड्यांनी उचलला, फुयुमीच्या भातावर ठेवला, आणि स्वतः कडेचा घेतला.

फुयुमीला हे माहीत नव्हतं. तिला मान खाली घालून ऐकून घ्यायचं होतं. ती भाताकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहू लागलं, आणि तिचा पुढचा संवाद, "हो आई", हा इतका बारीक आला की माइकने जेमतेम पकडला. कोणी 'कट' म्हणेना. चित्रफीत थांबवून पुन्हा घेणं त्या काळी सोपं नव्हतं, पण खरं कारण ते नव्हतं. मोरिनागा काचेमागे उभे राहून नाक शिंकरत होते.

मालिका बुडाली नाही. उलट आता लोक शिव्याही देऊ लागले आणि रडूही लागले. मासेवालीने हिसानोला बघताच सगळ्यात जाडजूड बांगडा कागदात गुंडाळला. "तोंडाच्या फाटक्या आहात, पण पोरीला जेवू घालता," म्हणाली.

तोराबाईंनी घरात टीव्ही आणवला. गुरुवारी त्या दुकान लवकर बंद करून, केस विंचरून त्याच्यासमोर बसायच्या, परीक्षकासारख्या. हिसानो परतली की निकाल मिळायचा. "आज बरं होतं. पण दुधवाल्याला एवढं सरळ बोलायचं नसतं. त्याला वाटलं पाहिजे की आपण त्याची स्तुती केली. घरी जाऊन जेवताना त्याला कळलं पाहिजे." हिसानो ते ऐकायची आणि पुढच्या वेळी तसं करायची. हळूहळू गल्लीत बातमी पसरली आणि लांबलांबून बायका लोणचं घ्यायला यायच्या. लोणचं हे निमित्त. त्यांना तोराबाईंकडून बोलून घ्यायचं असे. एखादीला काही बोलल्या नाहीत तर ती हिरमुसून जायची.

"मेली लोकं," तोराबाई म्हणायच्या, "अपमान करून घ्यायला रांगा लावतात." आणि रांगेतल्या पुढच्या बाईला विचारायच्या, "हा किमोनो आजीचा का हो? नाही, तिला फार शोभत असेल म्हणून विचारलं." ती बाई धन्य होऊन जायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात तोराबाई अंथरुणाला खिळल्या. दगड उचलणारे हात पांघरुणावर पानासारखे पडून असायचे. हिसानो चमच्याने पेज भरवायची.

"मला मालिकेत कधी मारणार आहात?" त्यांनी विचारलं.

"लेखक म्हणतात, लोक मारू देणार नाहीत."

"बरंय. लोक शहाणे आहेत." त्यांनी एक घास घेतला. "पेज छान झालीये. धुवायला भांडं नको, इतकी पातळ." आणि मग हिसानोचं मनगट धरून त्या थोडा वेळ तशाच पडून राहिल्या.

प्लमची झाडं फुलली त्या दिवसांत त्या गेल्या. दहाव्या दिवशी हिसानोला शूटिंगला जावंच लागलं. पांढऱ्या केसांचा टोप चढवला, किमोनो नेसली, आरशात पाहिलं आणि तिला बसवेना. फुयुमी मागे येऊन उभी राहिली. तिने हिसानोच्या कमरपट्ट्याची गाठ नीट केली.

"किती छान बांधलाय तुम्ही," फुयुमी म्हणाली, तोराबाईंच्या हेलात. "सुटला तर कळेल तरी की बांधला होता."

हिसानोला आधी हुंदका आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम. मेकअप पुन्हा करावा लागला. त्या दिवशीचा प्रसंग मात्र तिने एका दमात दिला.

गेन्जोने ती मालिका कधी नेमाने पाहिली नव्हती. बायकोला तशी बघणं त्याला चमत्कारिक वाटायचं. आता गुरुवारी संध्याकाळ झाली की तो पाठीला उशी लावून टीव्हीपुढे बसू लागला. मालिका सुरू झाली की आवाज थोडा मोठा करायचा, आणि सासू हसून काही बोलली की त्याचेही ओठ हलायचे. हिसानो घरी आली की तो तिच्याकडे जरा लाजून बघायचा. "आज आई फार बोलली," म्हणायचा.

ती मालिका संपल्यावरही हिसानोला काम पुष्कळ मिळालं. ती सराईची मालकीण झाली, खुनाच्या मालिकांतली साक्षीदार शेजारीण झाली, सम्राटांच्या काळातली दाई झाली, कित्येक नायकांची आई झाली. एका चित्रपटात तिला तिच्या स्वतःच्या वयाचं काम मिळालं, तेव्हा वय कसं दाखवायचं हे तिला सुचेना. तिला एक-दोन मानाची पदकं मिळाली. त्यातलं एक गेन्जोने पिंपावरच्या दगडाला टेकवून ठेवलं होतं, ते मिठाने काळं पडलं. गेन्जो आपल्या घरात, दुपारच्या झोपेत गेला. इतक्या वेळा नाटकी मेलेला माणूस अगदी गुपचूप गेला. स्टुडिओतले उरलेसुरले म्हातारे तलवारबाज काळे कपडे घालून आले आणि अंत्यविधीनंतर त्यांनी त्याच्या पडण्याच्याच गोष्टी सांगितल्या.

पंचाहत्तरी ओलांडल्यावर हिसानोने काम सोडलं. संवाद पाठ होते, पण गुडघे चटईवर दुमडेनात. तरुण दिग्दर्शक म्हणाला, "आजी, आपण खुर्ची ठेवू." ती म्हणाली, "त्या काळच्या बाईला खुर्ची दिलीत, तर पुढे तिला टेलिफोनही द्यावा लागेल." तो बिचारा हसला. ती मात्र खरंच थांबली.

फुयुमी तोवर स्वतःच सासवांची कामं करायला लागली होती. तिच्या हाताखालच्या मुली तिला घाबरतात, असं ती कौतुकाने सांगायची. ती पहिल्यापासून हिसानोला 'आई' म्हणत आली, सेटवरही आणि बाहेरही, आणि दरवर्षी पानं गळायच्या सुमारास तिला गरम पाण्याच्या झऱ्यांवर घेऊन जायची. अलीकडच्या एका वर्षी दोघी न्हाणीघरात लाकडी चौरंगांवर बसल्या होत्या. फुयुमी तिची पाठ घासत होती. वाफेत समोर एक अनोळखी म्हातारी टॉवेल डोक्यावर ठेवून बसली होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि न राहवून म्हणाली, "नशीबवान आहात हो. आजकाल कोणती सून सासूची पाठ घासते?"

तिने दोघींना ओळखलं नव्हतं. फुयुमीने हळूच हिसानोकडे पाहिलं.

"हो ना, फार गुणी आहे," हिसानो हसून म्हणाली. "वर्षातून एकदा घासते, पण घासते तेव्हा कातडं शिल्लक ठेवत नाही."

म्हातारीला हसावं की नाही कळेना. फुयुमीने गरम पाण्याची बादली उचलली आणि सावकाश, खांद्यापासून सुरुवात करून, हिसानोच्या पाठीवर ओतली.